जळगाव ते पांझरा : सूनबाईंच्या इंग्रजीची खरी हकिकत

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी जळगाव, पारोळा, धुळे, लळिंगचा किल्ला आणि पांझरा नदीचा काठ असा चार दिवसांचा प्रवास केला. त्याविषयी आमच्या गावात माझ्याआधीच बरेच बोलून झाले आहे. माझे चुलतबंधू पंडितभाऊ पारावर बसून सांगतात, "आबा रागानं पारोयालेच गाडीतून उतरले." नशिराबादचे माझे शालक नारायणराव लग्नकार्यात सांगत फिरतात की मी साहेबाशी तासभर अस्खलित इंग्रजीत बोललो. पहिल्या हकिकतीत माझी बदनामी आहे, दुसरीत स्तुती; खोट्या दोन्ही सारख्याच आहेत. हे दोघेही त्या गाडीत नव्हते. मी होतो. शिवाय चौतीस वर्षे मी सरकारी मोजणी खात्यात साखळी आणि नकाशाचा फलक घेऊन उभा-आडवा खानदेश पायी मोजला आहे. बांध कोठे आहे हे ऐकीव माहितीवर ठरवण्याची मला सवय नाही.

प्रवासाचे निमित्त माझी सून शैलजा. तिचे माहेर भुसावळचे. वडील रेल्वेत असल्यामुळे शिक्षण इंग्रजी शाळेत झाले. माझा मुलगा मुरलीधर दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीने काम करतो. त्याला क्वार्टर मिळालेले नसल्याने शैलजा आमच्याकडे, रावेर तालुक्यातल्या गावी राहते. आमच्या घरी सून सासऱ्यासमोर बोलत नाही. हा नियम मी केलेला नाही. माझी आईही माझ्या आजोबांसमोर कधी बोलली नाही. मला काही सांगायचे असले तर ते मुरलीच्या आईमार्फत यायचे, आणि चहा झाला की दाराआड बशीवर कप किणकिणायचा. सात वर्षे मी शैलजाच्या हातचे जेवलो. टायफॉइडमध्ये तिने केलेल्या पेजेवर उभा राहिलो. तिचा आवाज मात्र मी ऐकलेला नव्हता. त्याचे मला काही वाटतही नव्हते, हे येथेच प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

जळगावात परदेशी पाहुण्यांना प्रदेश दाखवणारी माणसे तयार करण्याचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला. अजिंठ्याची लेणी पाहायला येणारा परदेशी मनुष्य जळगाव स्टेशनवर उतरतो आणि त्याच्याशी धड चार वाक्ये बोलणारे तेथे कोणी नसते, अशी तक्रार होती. वर्गातून एकाला, फक्त एकाला, एका प्रवासी कंपनीत नोकरी मिळणार होती, आणि निवड प्रत्येकाच्या शेवटच्या सराव-सहलीवरून व्हायची होती. शैलजाने नाव घातले आणि ती मावशीकडे राहून शिकू लागली. मी परवानगी दिली ती एका अटीवर : सहलीला मी बरोबर येणार. ही अट मुरलीने मला खूश ठेवण्यासाठी सुचवली, असेही गावात म्हणतात. अट माझी होती. तिचे जे परिणाम झाले तेही माझेच आहेत.

जळगाव

सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्ग पाहिला. सराफ बाजारामागच्या एका इमारतीच्या गच्चीवर तो भरत असे. शिकवणाऱ्या पिंटोबाई भुसावळच्या. रेल्वेच्या वसाहतीत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, फ्रॉक घालणाऱ्या, आणि मराठी अशी बोलणाऱ्या की केळीच्या अडत्याने भाव करताना दोनदा विचार करावा.

तेथे व्याकरण घोकत असतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात गच्चीच्या एका टोकाला एक विद्यार्थी, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मध्ये तीस पावले, असा प्रकार चालला होता. ओरडायचे नाही, आणि तरी वाक्य पलीकडे पोचले पाहिजे. खाली रिक्षा, हातगाड्या आणि भांडी ठोकणारे. पुढचा धडा वाईट बातमी सांगण्याचा होता. रेल्वे चार तास उशिरा आहे, हे पाहुण्याला असे सांगायचे की तो संतापणार नाही आणि त्याला खोटी आशाही लागणार नाही. आपल्याकडे अशा वेळी "येईलच आता" म्हणतात. पिंटोबाईंनी ते वाक्य गच्चीवर बंद केले होते. बोलणे हीसुद्धा हाताने घडवण्याची वस्तू आहे, तिला माप आहे, वजन आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्या गच्चीवर कळले, आणि मी दबून गेलो.

एका मुद्द्यावर मात्र मी वाद घातलाच. पाहुण्याला वय, पगार, जात आणि मुले किती हे विचारायचे नाही, असे बाई सांगत होत्या. मी मागून विचारले, मग माणसाने माणसाला विचारायचे तरी काय?

"हवामान, आबा," बाई म्हणाल्या.

खानदेशात आठ महिने हवामानाबद्दल एकच वाक्य बोलता येते, आणि तेही बोलण्याचे त्राण कोणात उरत नाही, असे मी सुनावले. सगळा वर्ग हसला. मग शैलजाची पाळी आली. ती पदर पुढे ओढून गच्चीच्या टोकाला गेली. तिचे ओठ हलले. समोरच्या मुलीपर्यंत काहीही पोचले नाही.

पिंटोबाईंनी वहीतून मान वर केली. "काल तर तुझा आवाज खालच्या सोनाराने ऐकला होता."

तिचा घसा बसला असावा, असे मी समजलो.

पारोळा

पाहुणे डेन्मार्कचे पती-पत्नी होते, हान्स आणि इंगे. वयाने माझ्या बरोबरीचे, आयुष्यभर गाई पाळलेले शेतकरी. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती, ती त्यांनी शाळेत आणि नंतर रेडिओवर शिकली होती, हे मला पिंटोबाईंकडून कळले तेव्हा मी चाट पडलो. गोरा तेवढा इंग्रज, अशी माझी समजूत होती. म्हणजे सहलीच्या त्या मॅटाडोर गाडीत दोन्ही बाजूंची माणसे परक्या भाषेच्या अंगणात येऊन भेटत होती.

शैलजा पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून बसली. त्यांच्यामागे पिंटोबाई वही घेऊन, आणि त्यांच्यामागे मी. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. शेतात वेचणीच्या बाया, बांधावर पांढऱ्या बोंडांचे ढीग. शैलजा बोलत होती, हे मला तिच्या हातांच्या हालचालीवरून समजत होते. हान्स यांनी कानामागे पंजा धरला. इंगेबाई पुढे वाकल्या. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यात, खंदकाच्या काठावर, त्यांनी तीनदा "पार्डन" म्हटले, आणि चौथ्यांदा म्हणायचे सोडून दिले. पिंटोबाईंची पेन्सिल दर वेळी वहीवर टेकत होती.

दुपारी गावाबाहेरच्या एका ढाब्यावर थांबलो. हंगाम भरताचा होता. काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेले भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि तळलेल्या मिरच्या. हान्स यांनी एक आख्खी मिरची शेंगभाजी समजून तोंडात टाकली. त्यांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. तरी त्या गृहस्थांनी ती थुंकली नाही, गिळली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर मानीन.

आता पंडितभाऊंचा प्रसंग. पाहुण्यांबरोबर बसून जेवणे आणि जेवताना पदार्थ समजावून सांगणे हा परीक्षेचा भाग होता. पण टेबलाशी मी बसलो होतो, आणि सासरा बसला असता सून बसत नाही. शैलजा उभी राहून वाढू लागली. इंगेबाई शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटत होत्या. पुन्हा पुन्हा, जसे आपण लाजऱ्या मुलाला बोलावतो तसे. पिंटोबाईंनी वही उघडली. मी माझे ताट उचलले आणि बाहेर ड्रायव्हर भिकनच्या बाजेवर जाऊन बसलो. भिकन आमच्या शेजारच्या गावचा. त्याने घरी जाऊन जे सांगितले ते पंडितभाऊंपर्यंत "रागाने उतरले" होऊन पोचले. मी रागावलो नव्हतो. एक म्हातारी बाई रिकामी खुर्ची थोपटते आहे आणि माझ्या घरची सून उभी आहे, हे मला बघवेना, इतकेच. बाजेवरून मला खिडकी दिसत होती. शैलजा खुर्चीवर बसली, भाकरीचा तुकडा मोडून तो भरतात कसा दाबायचा हे तिने इंगेबाईंना दाखवले, आणि त्या दोघी काहीतरी बोलून हसल्या. काय बोलल्या ते काचेपलीकडे राहिले.

संध्याकाळी धुळ्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात पिंटोबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आबा, स्पष्ट बोलते. धुळ्याच्या एका मुलाची सहल गेल्या आठवड्यात झाली, चांगली झाली. शैलजा त्याच्याहून कितीतरी सरस आहे. पण मला गाडीत दिसेल तेच लिहावं लागेल. आणि तुम्ही असलात की ती मुकी असते."

मी तिला बोलू नको असे आजवर कधी म्हटलेले नाही, असे मी ताडकन सांगितले.

"बोल, असं तरी कधी म्हणालात?"

ही आमच्या घरची रीत आहे, असे मी म्हणालो.

"मग मार्क रीतीला देऊ का? नोकरी एकच आहे, आबा. ती त्या मुलाला जाईल."

मला फार राग आला. तो खरोखर राग होता, आणि तो पारोळ्याला नव्हे, धुळ्याला आला, एवढी दुरुस्ती पंडितभाऊंनी आपल्या हकिकतीत करून घ्यावी.

लळिंग

दुसऱ्या दिवशी लळिंगच्या पायथ्याशी मी जाहीर केले की माझा गुडघा दुखतो आहे, मी महादेवाच्या देवळात बसतो. माझ्या गुडघ्याला काहीही झालेले नव्हते. ती मंडळी वर गेली. बसल्याबसल्या माझ्या मनात येऊ लागले की आपण नसताना काय होते ते आपल्याला कधी कळणारच नाही. मोजणीच्या दिवसांत त्या डोंगरावर मी महिनाभर फलक मांडून बसलेलो होतो. गुराख्यांची मागची वाट मला पाठ होती. मी उठलो आणि त्या वाटेने चढलो. हे लपूनछपून ऐकणे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणो.

वर वाऱ्याला आडोसा नाही. खाली आग्रा रस्ता सुतळीसारखा पडलेला, त्यावर मालट्रक मुंग्यांएवढे. उत्तरेला धुळ्याची घरे, आणि त्यांच्याभोवती क्षितिजापर्यंत काळी जमीन. हा देखावा मी कागदावर उतरवलेला होता. त्यात मला नवे काही दिसायचे उरले नाही असे मी समजत होतो. मी एका पडक्या तटाच्या मागे पोचलो, आणि पलीकडून आवाज आला.

कोणाचा आवाज ते मला चटकन उमगले नाही. तो भरदार होता, खालच्या पट्टीतला, आणि घाई नसलेला. वाऱ्यात तो वाकत नव्हता. मोजणीची नियमावली इंग्रजीत असे, त्यामुळे वाचलेले इंग्रजी मला कळते. बोललेले फारसे कळत नाही. राजा, पाणी, दगड, उन्हाळा, असे शब्द लागत गेले. किल्ल्यावरच्या खडकात खोदलेल्या टाक्यांविषयी ती सांगत होती. मध्ये ती क्षणभर थांबली, मग हलकेच दोन शब्द बोलली, आणि ती डॅनिश माणसे खळखळून हसली. पुन्हा तो आवाज सुरू झाला तेव्हा तो आमच्या सुनेचा आहे हे माझ्या ध्यानात आले.

त्या वेळी मला जे झाले त्याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही. मी थक्क झालो. डोंगर, दऱ्या, महापूर मी पाहिले आहेत. माझ्याच छपराखाली सात वर्षे हे एवढे मोठे काहीतरी राहत होते आणि त्याची नोंद माझ्याकडे नव्हती. माझ्या हद्दीतली एक विहीर माझ्या नकाशातून राहून जावी, तसे. मी तटाला टेकून उभा राहिलो आणि ती बोलायची थांबेपर्यंत हललो नाही.

त्यांच्या आधी खाली येऊन मी देवळात बसलो. मंडळी आली. मला पाहताच शैलजाने पदर पुढे घेतला, आणि धुळ्यापर्यंत गाडीत पुन्हा नुसते तिचे हात बोलत राहिले. मला तिला काहीतरी सांगायचे होते. पण सात वर्षांत ज्याने "चहा बरा झाला" एवढेही म्हटलेले नाही, त्याने सुरुवात कोठून करायची? ते मला जमले नाही.

पांझरा

शेवटचा अर्धा दिवस उरला होता. साक्रीच्या रस्त्याने जाऊन पाहुण्यांना नदी दाखवायची आणि परतायचे. बसण्यापूर्वी पिंटोबाईंनी शैलजाला सांगितले, "आज मला ऐकू आलं पाहिजे." शैलजाने मान हलवली. मीही ते ऐकले.

पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात, आणि पाटाखालची जमीन मोठमोठ्या पट्ट्यांत वाटलेली असते. एका पट्ट्याला फड म्हणतात. एका फडात एका वेळी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, अशी तेथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आम्ही बंधाऱ्यावर उभे होतो. एका बाजूला नुसता ऊस, दुसऱ्या बाजूला नुसता गहू उगवून आलेला, आणि तिसरा पट्टा मोकळा. मध्ये कुंपण नाही. हान्स यांनी तो देखावा बराच वेळ पाहिला. मग ते शैलजाकडे वळून काही विचारते झाले.

तिने वहीतले टिपण चाळले. तिच्या टिपणांत किल्ले होते, लेणी होती, राजांची नावे होती, फड नव्हता. हान्स वाट पाहत होते. पिंटोबाईंची पेन्सिल वहीवर टेकली. नदीवरून वारा आला आणि शैलजाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला. तिचा हात तो सावरायला वर गेला आणि मध्येच थांबला. तिने मागे वळून थेट माझ्याकडे पाहिले.

"आबा, ते विचारतायत, हे पाणी कुणाचं?"

माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले वाक्य.

मी पुढे झालो. त्या फडांची मोजणी मीच केलेली होती. मी सांगितले की पाणी बंधाऱ्याखालच्या सगळ्या गावाचे आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा एक तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी पडले की एक फड आख्खा पडीक ठेवतात, म्हणजे नुकसान सगळ्यांना थोडे-थोडे होते आणि एकटा कोणी बुडत नाही. मी दोन वाक्ये सांगायचो आणि थांबायचो. ती ती इंग्रजीत न्यायची. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज लळिंगवरचा झाला. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो, आणि तो कमी झाला नाही. मध्ये तिने मला अडवलेसुद्धा. "आबा, थांबा. पडीक फडाचं पुन्हा सांगा, ते त्यांना महत्त्वाचं वाटतंय." मी पुन्हा सांगितले. पाणी सोडणारा म्हातारा पाटकरी फावडे टेकून ऐकत होता. तो हान्स यांना म्हणाला, "हाई पानी बठ्ठासनं शे, भाऊ. एकलानं नही." तिने तेही नेले. हान्स म्हणाले की त्यांच्या गावात दुधाची डेअरी अशीच सगळ्यांची आहे. ते तिने माझ्याकडे आणले. अशी ती वाट तासभर दोन्ही बाजूंनी चालू राहिली. नारायणरावांनी ध्यानात घ्यावे, मी त्या तासात इंग्रजीचा एक शब्द बोललो नाही. इंग्रजी सगळे तिचे होते.

निघताना इंगेबाईंनी माझ्याकडे पाहून काही विचारले. शैलजा थांबली. सगळ्या प्रवासात प्रश्न माझ्यापर्यंत आणायला तिला एवढा वेळ लागला नव्हता.

"आबा, त्या विचारतायत..." ती नदीकडे पाहत म्हणाली, "तुमची सून घरीही इतकंच छान बोलते का?"

येथे मला सहज "हो" म्हणता आले असते. मुरली दीपनगरच्या मित्रांना सांगतो की मी "हो, रोज" असे म्हणालो. तो पोरगा आपल्या बापाची अब्रू राखतो आहे, पण तेही खोटे आहे. मी म्हणालो :

"सांग त्यांना, मला माहीत नाही. मी तिला काल पहिल्यांदा ऐकलं."

"काल?" तिने विचारले.

"लळिंगला. तटामागं होतो."

तिने माझ्याकडे पाहिले. मग वळून इंगेबाईंना इंग्रजीत सांगितले. जेवढे मी बोललो तेवढेच सांगितले की आपले काही घातले, की काही गाळले, ते मी सांगू शकत नाही. मी नंतरही विचारलेले नाही. निरोप तिच्या हाती दिला, म्हणजे तो तिचा झाला. इंगेबाईंनी चष्मा काढून पुसला. पिंटोबाईंनी वही मिटली आणि पर्समध्ये टाकली. परतीच्या वाटेवर त्यांनी ती उघडली नाही. त्या खिडकीबाहेर ऊस बघत होत्या, आणि पुढून शैलजा बोलत होती. शेवटच्या बाकावर मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

आठ-दहा दिवसांनी पोस्टमनने कंपनीचा लिफाफा आणला. मी ओट्यावर होतो. पंडितभाऊ नेहमीप्रमाणे समोर बसलेले होते. लिफाफ्यावर नाव शैलजाचे, म्हणून मी तो फोडला नाही. तिला हाक मारली. लग्नानंतर मी तिला नावाने मारलेली ती पहिली हाक. ती उंबरठ्यावर आली. वाच म्हटले. तिने तो कागद पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत इंग्रजीत वाचला, आणि मग मराठीत सांगितले की एक तारखेपासून जळगावला कामावर यायचे आहे. मी तिला म्हणालो, पुन्हा एकदा वाच, मुरलीची आई मागच्या अंगणात आहे, तिच्यापर्यंत पोचलं नसेल.

ती उंबरठा ओलांडून ओट्यावर आली, आणि तिने ते पुन्हा वाचले.